पाठीखालचं हीव

सेमाडोहच्या हिवाळी निसर्ग शिबिराला येणाऱ्या मुलामुलींना सामानाची जी यादी दिली जाते, ती वर्षानुवर्षं फारशी बदललेली नाही. विजेरी, पाण्याची बाटली, वही-पेन, ताट-वाटी, कानटोपी, स्वेटर, पांघरायला दोन ब्लँकेटं आणि अंथरायला एक चादर. आईवडील ती यादी मनापासून पाळतात, वर एखादं जास्तीचं ब्लँकेटही कोंबतात. तरीही पहिल्या रात्री दोन-अडीचच्या सुमारास मुलं उठून बसतात, पाय पोटाशी घेतात, शेजाऱ्याच्या पांघरुणात शिरतात. सकाळी विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच असतं : पांघरूण कमी पडलं. खरं म्हणजे पांघरूण भरपूर होतं, अंथरूणच नव्हतं. दोन जाड ब्लँकेटं वर आणि एक सुती चादर खाली, ही वाटणीच उलटी आहे. ती सुलटी कशी करायची, एवढ्या एकाच गोष्टीसाठी ही पुस्तिका लिहिली आहे.

विषय छोटा वाटेल. तंबू, बूट, पाठपिशवी यांच्यावर लोक तासन्‌तास बोलतात. पाठीखाली काय घ्यायचं याचा विचार निघायच्या आदल्या रात्री होतो आणि घरात जे सापडेल ते गुंडाळून नेलं जातं. पण जंगलात आलेलं मूल पहाटे पक्षी बघायला ताजंतवानं उठेल की डोळे चोळत रडवेलं बसेल, हे त्या गुंडाळीवर ठरतं. जंगलातली पहिली रात्र थरथरत काढलेला मुलगा पुन्हा जंगलात यायला लवकर तयार होत नाही, आणि मला त्याची काळजी आहे.

सेमाडोह हे परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या घाटरस्त्यावरचं, सिपना नदीच्या काठचं गाव. १९७३-७४ मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांत मेळघाट होता. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाचही नद्या मेळघाटातून वाहतात आणि त्यांचं पाणी शेवटी तापीला मिळतं. सेमाडोहला वनखात्याचं पर्यटन संकुल आहे, आणि अमरावती-अकोल्याच्या कितीतरी लोकांनी जंगलातली आपली पहिली रात्र तिथेच काढली आहे. चिखलदरा अकराशे मीटरहून उंच, थंड हवेचं ठिकाण म्हणून नावाजलेलं. तिथे जाताना लोक आपोआप तयारीनं जातात. सेमाडोह त्या मानानं खाली, म्हणून थंडीच्या बाबतीत कुणी फारसं गंभीर नसतं. इथेच फसगत होते. डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र असलं की रात्री डोंगरउतार झपाट्यानं निवतात. त्यांना लागून असलेली हवा गार होते, जड होते आणि उतारावरून घसरत दरीत उतरते. नदीचं खोरं म्हणजे ती साठण्याची जागा. त्यामुळे पहाटे चार-पाचला नदीकाठ वरच्या टेकाडापेक्षा जास्त बोचरा असू शकतो. दवानं तंबूचं कापड चिंब होतं आणि जमीन दिवसभराची ऊब कधीच विसरलेली असते.

आता उष्णतेचा थोडा हिशेब. झोपलेल्या मोठ्या माणसाचं शरीर साधारण ७० ते ८० वॅट उष्णता तयार करतं. तेवढीच बाहेर गेली तर माणूस सुखात झोपतो. जास्त जायला लागली की शरीर आधी हातपाय गार पाडतं, मग कुडकुडून जास्तीची उष्णता पैदा करतं, आणि कुडकुडणाऱ्या माणसाला झोप लागत नाही. उष्णता अडवण्याचं काम खरं तर कापड करत नाही, कापडात अडकलेली स्थिर हवा करते. स्थिर हवेची उष्णता वाहून नेण्याची क्षमता मीटरमागे, अंशामागे ०.०२५ वॅट इतकी कमी आहे. ओल्या मातीची आणि काँक्रीटची क्षमता १ वॅटच्या वर जाते, म्हणजे हवेच्या चाळीस पटींहून जास्त. पाठीवर झोपलो की साधारण ०.४ चौरस मीटर अंग जमिनीला टेकतं. त्वचा ३३ अंश, जमीन १३ अंश, मध्ये १० मिलिमीटर जाडीची बंद पेशींच्या फोमची मॅट, असं धरलं तर पाठीखालून ३० वॅटच्या आसपास उष्णता निघून जाते. जेवढी तयार होते त्याच्या चाळीस टक्के. मॅटची जाडी दुप्पट केली की हा आकडा निम्म्यावर येतो. आणि खाली नुसती चादर असेल तर जमीन सुरुवातीला इतकी उष्णता मागते की शरीर तेवढी तयारच करू शकत नाही. हा हिशेब ढोबळ आहे. अंगाखालची जमीन हळूहळू थोडी तापते, अंगातले कपडेही थोडं अडवतात. पण गळती किती मोठी आहे आणि ती कुठून आहे, हे त्यातून स्वच्छ दिसतं.

मग दुसरं ब्लँकेटच खाली घातलं तर? थोडा फायदा होतो, पण अपेक्षेपेक्षा खूप कमी. ब्लँकेट, रजई, स्लीपिंग बॅग या सगळ्यांची ऊब त्यांच्या फुगलेपणात असते. पाठीखाली आल्या की आपल्या वजनानं त्यांतली हवा निघून जाते आणि उरतो तो पिंजून न घेतलेल्या जुन्या गादीसारखा दडपलेला थर. महागड्या स्लीपिंग बॅगची खालची बाजूही याला अपवाद नाही. बॅगेवर जो तापमानाचा आकडा छापलेला असतो, तो प्रयोगशाळेत बॅगेखाली चांगली उबदार मॅट घालून काढलेला असतो, ही गोष्ट दुकानात सहसा कुणी सांगत नाही. पाच अंशांपर्यंत चालणारी बॅग फरशीवर टाकली तर ती पाच अंशांची राहत नाही. बंद पेशींचा फोम मात्र दडपला जात नाही, कारण त्याच्या प्रत्येक इवल्या पेशीत हवा कोंडलेली असते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते.

वऱ्हाडात हे ज्ञान नवं नाही. तूर, हरभरा, गहू रानडुकरांपासून राखायला थंडीत जागलीला जाणारा शेतकरी पांघरुणाआधी अंथरुणाकडे बघतो. शेतात माळा असेल तर त्यावर, नसेल तर जमिनीवर कडब्याचा जाड थर, त्यावर पोती, त्यावर घोंगडी किंवा वाकळ. कडबा दाबला जातो, पण ज्वारीची धाटं एकमेकांवर आडवीतिडवी पडून त्यांच्यामध्ये हवेच्या पोकळ्या टिकवतात. पोतं टोचणं अडवतं. घोंगडीची लोकर दबूनही पुन्हा उठते आणि दमट झाली तरी ऊब सोडत नाही. आधुनिक मॅटचं सगळं शास्त्र या तीन थरांत आहे. फक्त कडब्याची पेंढी पाठीवर घेऊन कुणी मेळघाटात जाऊ शकत नाही, आणि तिथे पोचून सागाची वाळकी पानं गोळा करून अंथरणं हा तर वेडेपणा आहे. व्याघ्र प्रकल्पातल्या पाल्यापाचोळ्याला हात लावायचा नसतो हे एक. दुसरं असं की त्या पाचोळ्यात विंचवांचा मुक्काम असतो.

पाठीवर वाहून नेता येईल असं हलकं अंथरूण ही गेल्या साठ-पासष्ट वर्षांतली गोष्ट आहे. आपल्याकडचे ट्रेकर सरसकट ज्याला कॅरीमॅट म्हणतात, ते मूळचं कॅरिमॉर या ब्रिटिश कंपनीचं १९६० च्या दशकातलं बंद पेशींच्या फोमचं उत्पादन. सह्याद्रीतल्या गिरिभ्रमणानं ते नाव उचललं आणि आता ते कुठल्याही गुंडाळीच्या फोमला चिकटलं आहे. पुढची उडी अमेरिकेतल्या सिएटलमध्ये घेतली गेली. बोईंग या विमान कंपनीत काम केलेल्या जिम ली, नील अँडरसन आणि त्यांचे साथीदार जॉन बरोज यांनी १९७२ साली कॅस्केड डिझाइन्स ही कंपनी काढली आणि थर्म-अ-रेस्ट नावाची मॅट आणली. हवाबंद पिशवीच्या आत स्पंजसारखा मोकळ्या पेशींचा फोम सगळ्या बाजूंनी चिकटवलेला. झडप उघडली की दाबलेला फोम आपणहून फुगतो आणि हवा आत ओढून घेतो. फोमची ऊब आणि हवेचा मऊपणा एकत्र आला. त्यानंतर आल्या त्या अगदी पातळ कापडाच्या, आत उष्णता परतवणारे पडदे असलेल्या हवेच्या मॅट. पाण्याच्या बाटलीएवढ्या होणाऱ्या आणि अर्ध्या किलोहून हलक्या.

दुकानात गेल्यावर जो एक आकडा शोधायचा, तो म्हणजे आर-व्हॅल्यू : मॅट उष्णतेला किती अडवते याचं माप. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं मोजायची, त्यामुळे एकीचा ३ आणि दुसरीचा ३ यांची तुलना करण्यात अर्थ नव्हता. २०१८ साली एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेनं एफ ३३४० ही चाचणी ठरवून दिली : एका बाजूला त्वचेइतकी गरम पट्टी, दुसऱ्या बाजूला गार पट्टी, मध्ये दाबाखाली मॅट, आणि गरम पट्टीचं तापमान टिकवायला किती वीज लागते त्याचं मोजमाप. पुढच्या दोन-तीन वर्षांत मोठ्या कंपन्या याच चाचणीचे आकडे छापू लागल्या. आता वेष्टनावर या चाचणीचा उल्लेख असेल तर आकड्यावर भरवसा ठेवावा. नुसतं ‘उणे दहा अंशांपर्यंत’ असं लिहिलं असेल तर अजिबात ठेवू नये. १० मिलिमीटर जाडीचा चांगला बंद फोम १.४ च्या आसपास येतो. आणि या मापाची सगळ्यात उपयोगी खुबी अशी की एकावर एक थर ठेवले की आकड्यांची सरळ बेरीज होते.

त्या बेरजेवरच माझं सेमाडोहसाठीचं मत उभं आहे. इथल्या डिसेंबर-जानेवारीला आर-व्हॅल्यू ३ च्या जवळपास असली की झोप लागते. हिमालयात बर्फावर तंबू टाकणाऱ्याला ५ च्या पुढे जावं लागतं, तो प्रश्न वेगळा. १० मिलिमीटरच्या दोन फोम मॅट एकावर एक म्हणजे २.८, त्यावर एक घोंगडी टाकली की काम झालं. यात हवा भरावी लागत नाही, फुटत नाही, पाण्यानं बिघडत नाही, आणि दोन्हींचा मिळून खर्च एका बऱ्यापैकी हवेच्या मॅटच्या किमतीच्या आसपासही जात नाही. शाळेच्या मुलांसाठी याहून चांगला पर्याय मला दिसत नाही. १८० सेंटिमीटरची मॅट दहा-बारा वर्षांच्या मुलाला पूर्ण लागतही नाही. ती १२० आणि ६० अशी कापावी. लांब तुकडा खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, आखूड तुकडा कमरेखाली दुहेरी, आणि पायांखाली रिकामी केलेली पाठपिशवी. दिवसा तोच आखूड तुकडा नदीकाठच्या खडकावर बसायला. एकाच मॅटमध्ये भागवायचं असेल तर हाच मार्ग.

मात्र फोम फोममध्ये फरक असतो. फ्रिज-टीव्हीच्या खोक्यात येतो तो पॅकिंगचा पांढरा फोम बाजारात स्वस्तात मिळतो आणि पहिल्या रात्री छान वाटतो, पण त्याच्या पेशी मोठ्या आणि नाजूक असतात. चार-सहा रात्रींत कमरेखाली त्याचा पापड होतो. दुकानात अंगठ्यानं जोरात दाबून बघावं : खळगा चटकन भरून आला तर फोम घट्ट आहे. मग मॅट जमिनीवर टाकून तिच्यावर एका गुडघ्यानं भार द्यावा. गुडघ्याला खालची फरशी कळली तर झोपेत कमरेच्या हाडालाही कळणार. योगासनांची मॅट पुष्कळ घरांतून येते, कारण ती घरात असते. तिचं काम पाय घसरू न देणं हे आहे. ती पातळ असते आणि त्या मानानं जड. चंदेरी पन्नी लावलेल्या मॅटचं आकर्षणही अनाठायी आहे. पन्नी उष्णतेचे किरण परतवते, पण त्यासाठी तिच्यासमोर हवेची फट लागते. जमिनीला घट्ट चिकटलेल्या पन्नीला परतवायला काही उरत नाही, तिथे उष्णता स्पर्शानं निघून जाते. तिचा दमटपणाला थोडा आडोसा होतो, एवढंच.

पन्नाशी ओलांडलेल्यांची गोष्ट वेगळी. शिबिरात मुलांबरोबर शिक्षक येतात, पालक येतात, आणि कुशीवर झोपणाऱ्याला फोमच्या दोन सेंटिमीटरांत खांदा आणि कंबर सामावता येत नाही. त्यांनी आपणहून फुगणारी, चार-पाच सेंटिमीटर जाडीची मॅट घ्यावी. वजन एक किलोच्या आसपास, क्वचित जास्त. पण सेमाडोहपर्यंत एसटी येते, तेव्हा वजनाची चिंता करण्याचं कारण नाही. वजनाची चिंता पाठीवर घर घेऊन अनेक दिवस चालणाऱ्यानं करावी, आणि त्यानं आतून उष्णतारोधक थर असलेली हवेची मॅट घ्यावी. थर नसलेली, नुसती फुग्यासारखी मॅट थंडीत घेऊ नये. आतली हवा मोकळी असल्यामुळे ती फिरत राहते, पाठीची ऊब खाली नेते आणि जमिनीचा गारवा वर आणते. पाच-सात सेंटिमीटर जाड असूनही ती एका साध्या फोमपुढे हरते. जाडी म्हणजे ऊब असं समजणाऱ्यांची इथे सगळ्यात मोठी निराशा होते.

हवेच्या मॅटला मेळघाटात आणखी तीन शत्रू आहेत. पहिला जमिनीवर असतो : सराटे, बोरीबाभळीचे काटे, बांबूची कुसळं आणि काळ्या खडकाची धारदार कपची. जागा हातानं चाचपून साफ करावी, खाली ताडपत्री घ्यावी आणि तिच्यावर एक पातळ फोम. दुसरा शत्रू तापमान. दुपारी ३० अंशांत टणक भरलेली मॅट पहाटे ८ अंशांत सुमारे सात टक्के हवा आकसल्यामुळे ढिली पडते आणि माणूस ‘पंक्चर झाली’ म्हणून अंधारात धडपडतो. झोपण्याआधी, हवा निवल्यावर, दोन फुंका जास्त माराव्यात. शक्यतो तोंडानं न मारता मॅटसोबत मिळणाऱ्या हवा भरायच्या पिशवीनं माराव्यात, कारण श्वासातली वाफ आत साठून बुरशी धरते. तिसरा शत्रू उन्ह. वऱ्हाडात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या वर जातो. भरलेली मॅट तशा उन्हात किंवा तंबूत बंद ठेवून गेलं तर आतली हवा प्रसरण पावते आणि चिकटवलेले सांधे आतून सुटतात. असा फुगा आलेली मॅट कुठल्याही ठिगळानं बरी होत नाही.

उन्हाळ्यातला प्रश्न उबेचा नसतोच. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटातल्या पाणवठ्यांवर मचाणांवरून प्राण्यांची नोंद करण्याचा वनखात्याचा उपक्रम पुष्कळांना माहीत आहे. दुपारी मचाणावर चढायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं. संध्याकाळपर्यंत जीव उकडून निघतो, आणि तरी पहाटे मचाणाच्या फटींतून खालून वारा लागायला लागला की अंगावर शहारे येतात, कारण इथे पाठीखाली जमीनही नसते, नुसती वाहती हवा असते. एका फोमनं तेवढं भागतं. पण मचाणावर एक कसोटी अशी आहे की जिचा उल्लेख कुठल्याही वेष्टनावर सापडत नाही : आवाज. आत पडदे असलेल्या हवेच्या मॅट कूस बदलली की चुरचुरतात, गुळगुळीत कापड बांबूवर घासून कर्र वाजतं. चंद्रप्रकाशात पाण्याकडे येणारं सांबर एका चुरचुरीनं थबकतं आणि वळतं. अस्वल येणार असेल तर तेही. मचाणासाठी जुना, मऊ झालेला, मळकट रंगाचा फोम आणि त्यावर सुती चादर हेच उत्तम. घाम शोषला जातो, चिकचिक होत नाही, आणि रात्र शांत राहते. नवीकोरी भडक निळी-केशरी मॅट घरी ठेवावी.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि साहित्याच्या चर्चेत तो हमखास गळतो. जमिनीवर झोपणाऱ्याचा महाराष्ट्रातला खरा धोका थंडी नाही, मण्यार आहे. मण्यार रात्री फिरते, घरात-झोपडीत शिरते, अंथरुणाजवळ येते. तिचा दंश पुष्कळदा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीनं, जड झालेल्या पापण्यांनी, गिळता न येण्यानं जागा होतो. दुखत नाही म्हणून वाट बघण्यात जीव जातो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालणारी प्रतिविष लस दवाखान्यात मिळते. संशय आला तरी तातडीनं तिकडेच जायचं, मांत्रिकाकडे नाही. नेपाळच्या तराईत झालेला आणि २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचं प्रमाण स्पष्टपणे कमी असतं. अट एकच, मच्छरदाणी सगळ्या बाजूंनी खाली खोचलेली हवी. आणि इथेच मॅटचा संबंध येतो. पातळ चादरीखाली खोचलेली जाळी कूस बदलताच सुटते. घट्ट फोमच्या कडेखाली दुमडलेली जाळी माणसाच्या वजनानं रात्रभर दाबलेली राहते. म्हणून उघड्या ओसरीत किंवा मोठ्या खोलीत झोपायचं असेल तर मॅट मच्छरदाणीच्या तळापेक्षा थोडी अरुंद हवी, जाळी चारी बाजूंनी तिच्याखाली जाईल इतकी. तंबूत झोपणाऱ्यानं तंबूची चेन सूर्य मावळण्याआधी बंद करावी आणि अंथरूण झोपण्याच्या वेळीच उलगडावं, दुपारीच पसरून ठेवू नये. सकाळी गुंडाळण्याआधी दोन्ही बाजूंनी झटकावं.

पावसाळा आणि त्यानंतरचे दोन महिने आणखी एक काळजी मागतात. २०१८ साली नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या संख्येनं आढळले. गवत-झुडपांवर राहणाऱ्या अतिसूक्ष्म माइटची अळी चावल्यानं हा ताप येतो. अशा दिवसांत मॅट थेट गवतावर पसरायची नाही, आणि वाळत घालायला झुडपांवर तर मुळीच टाकायची नाही, दोरीवर टाकायची. शिबिरानंतर आठ-दहा दिवसांनी ताप आला तर डॉक्टरांना जंगलात राहून आल्याचं आवर्जून सांगायचं.

एक गोष्ट नियमांची. मेळघाटात वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही, रात्री जंगलात राहायला वनखात्याची परवानगी लागते, आणि शिबिराची सोय असते ती नेमून दिलेल्या आवारात. त्यामुळे ही पुस्तिका वाचून कुणी सिपनेच्या वाळूत मुक्काम टाकायचं मनात आणू नये. आवारात पुष्कळदा खोलीतली फरशी वाट्याला येते, आणि फरशी मातीपेक्षा सोपी असेल ही समजूत चुकीची आहे. कोरड्या मातीपेक्षा दगडी फरशी उष्णता जास्त वेगानं ओढते. लोखंडी पलंग मिळाला तरी वरच्या पातळ गादीवर विसंबू नये. खालून हवा खेळत असते, एक फोम तिथेही लागतोच.

पुढच्या प्रकरणांत प्रत्येक प्रकारच्या मॅटची निवड, वापर, दुरुस्ती आणि साठवण सविस्तर येईल; कुठल्या ठिगळाला कुठला गोंद, हेही. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन बहुतेक हवेच्या मॅटच्या कापडावर धरत नाही, एवढं मात्र आत्ताच सांगून ठेवतो. गळती शोधायची असेल तर मॅट भरून बादलीभर साबणाचं पाणी फडक्यानं तिच्यावर फिरवावं, बुडबुडे जागा दाखवतात.

मॅट विकत घेणं प्रत्येक घराला परवडत नाही. शिबिराला येणाऱ्या मुलांत शेतमजुरांची मुलं असतात, धारणी-चिखलदऱ्याच्या आश्रमशाळांतली कोरकू मुलं असतात, आणि एका वेळच्या चार दिवसांसाठी दोन मॅट घ्या असं त्यांच्या आईवडिलांना सांगणं बरोबर नाही. म्हणून माझा आग्रह असा की मॅट शाळेच्या किंवा शिबिर घेणाऱ्या मंडळाच्या मालकीच्या असाव्यात आणि वाचनालयातल्या पुस्तकांसारख्या फिरत्या राहाव्यात. साधा फोम त्यासाठी सगळ्यात योग्य : धुता येतो, उधई लागत नाही, झडप नाही म्हणून बिघडत नाही. कोपऱ्यात जाड शाईनं क्रमांक आणि आणल्याचं साल लिहावं. प्रत्येक शिबिरानंतर साबणाच्या पाण्यानं पुसून सावलीत वाळवाव्यात, गुंडाळून दोरीनं करकचून न बांधता आडव्या, एकावर एक सपाट ठेवाव्यात आणि वर जड काही ठेवू नये. दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा सगळ्या बाहेर काढून कमरेखाली येणाऱ्या जागेची जाडी पट्टीनं मोजावी. १० मिलिमीटरची मॅट ७ वर आली असेल तर ती झोपण्यासाठी बाद समजावी आणि कापून तिच्या तीन बैठका कराव्यात. पक्षिनिरीक्षणाला पहाटे दवात बसायला त्या लागतातच.